मधल्या वाटेची रुंदी

पार्काच्या कार्यालयात मुकादमाचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे त्याला ओंडकेकाका म्हणत. नवे साहेबसुद्धा, बदली होऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी, फाइलीतून मान वर न काढता शिपायाला म्हणाले होते, जरा ओंडकेकाकांना पाठव. मुकादम समोर येऊन उभा राहिला तेव्हा हे खरं नाव नव्हे असं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण नंतरचं सगळं बोलणं त्यांनी ‘अहो’वर भागवलं.

नावामागे मोठी भानगड नव्हती. पार्कातल्या डोंगरावर तीन वाटा चढतात. त्यातली मधली वाट, खाली गाड्या लावायच्या जागेपासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंतची, मुकादमाने काढलेली. साडेतीन किलोमीटर. त्या वाटेवर त्याने एकेचाळीस ओंडके आडवे पुरले होते. डोंगरावर पाऊस पडला की पाण्याला वाट सापडते, आणि वाट सापडली की पाणी ती सोडत नाही; धरून पळतं, माती घेऊन जातं, आणि दोन वर्षांत वाटेचा ओढा होऊन बसतो. म्हणून ठरावीक अंतरावर एकेक ओंडका तिरका पुरायचा, अर्धा मातीत आणि अर्धा वर. पाणी त्याला अडतं आणि बाजूच्या उतारावर निघून जातं. ऐकायला सोपं आहे. पण ओंडका किती तिरका, किती वर, कुठल्या चढाच्या आधी आणि कुठल्या वळणाच्या नंतर, हे ज्याच्या गुडघ्यांना कळतं त्यालाच कळतं.

मुकादमाचा बाप दगडाच्या खाणीवर सुरुंग लावायचा. पोरगा चोवीस वर्षांचा झाला तेव्हा बापाला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, आणि पोराने ठरवून टाकलं की पोटासाठी काहीही करीन, खाणीवर जाणार नाही. तो पहार खांद्यावर टाकून पार्कात रोजंदारीवर आला. मधली वाट काढायला चार हिवाळे लागले. त्याच्याबरोबर आणखी दोन गडी होते. एक जण दुसऱ्या हिवाळ्यात ट्रकवर गेला. दुसऱ्याच्या पायावर सतरावा ओंडका पडला. तो आता फाटकावर बसून पावत्या फाडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की सतरावा ओंडका नीट बघा, त्यात माझी दोन बोटं आहेत. बोटं काही ओंडक्यात नव्हती, पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

पुढे मुकादमाला कायम केलं, पंपघरामागे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. या सगळ्यात त्याने दरवर्षी दोनदा एकेचाळीस ओंडके तपासले. कुजलेला बदलायचा, सैल झालेला ठोकायचा, मागे साचलेला गाळ फावड्याने ओढायचा. बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. ती म्हणायची की दुसरी बायको केली असती तरी या माणसाचं तिच्याकडे एवढं जाणंयेणं झालं नसतं.

वाटेवर फिरायला येणारी माणसं ओंडक्यांच्या नंबरानेच बोलत. आज बाविसाव्यापर्यंत गेलो, काल तिसाव्यावर बसून चहा घेतला. हे कानावर पडलं की मुकादम तोंड वळवून घ्यायचा. खूश झालेला माणूस लोकांना दिसू नये असं त्याला वाटायचं.

मग सायकलवाले आले.

पहिल्या वर्षी तिघेच होते. जाड चाकं, डोक्याला कवटीसारख्या टोप्या, ढोपरांना पट्टे. चढताना घामाघूम होऊन सायकल रेटायचे आणि उतरताना दगड निसटल्यासारखे सुटायचे. दुसऱ्या वर्षी तीस झाले. सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचे अध्यक्ष एक निवृत्त मास्तर, वय एकाहत्तर, गळ्यात शिट्टी. एका वळणावर वरून सायकल आली आणि मास्तर वाट देता देता झुडपात बसले. हाड मोडलं नाही, पण पँट फाटली, आणि ती कुठे फाटली हे मंडळातल्या सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून कार्यालयात आठवड्याला एक तक्रारअर्ज येऊ लागला. अक्षर मोत्यासारखं. जुन्या साहेबांनी ‘सायकलींना मनाई’ असा फलक लावला आणि पुढे कानाडोळा केला. सायकलवाले फलकासमोर थांबून पाणी पीत आणि वर जात.

नव्या साहेबांना कानाडोळा जमत नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना कार्यालयात बोलावलं. बैठकीची खोली म्हणजे जुनं बियाण्यांचं कोठार. भिंतीवर डोंगराचा नकाशा, खालून ओल धरून वर गुंडाळलेला, आणि सोळा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. जाणकार लोक आधी येऊन बाकीच्या चौदा पकडतात.

सायकलवाल्यांच्या वतीने एक दातांची डॉक्टरीण बोलली. पंचेचाळिशीची, बारकी, कोपराला ताजी चिकटपट्टी. तिने आवाज न चढवता सांगितलं की आम्ही चोरून येतोय हे आम्हालाही आवडत नाही. नियम घाला, आम्ही पाळू. मास्तर म्हणाले, नियम आहे ना, फलक वाचता येतो ना. दोन तास असं चाललं. शेवटी साहेबांनी एक वर्षाची परवानगी काढली, अटींसकट. सकाळी दहापर्यंत वाट फक्त चालणाऱ्यांची. वळणावर घंटी. चालणारा दिसला की पाय जमिनीवर. महिन्यातून एक रविवार सायकलवाल्यांनी श्रमदान करायचं. आणि शेवटची अट, जिच्यावर सगळं टांगलेलं होतं: वाट रुंद होता कामा नये. वीस ठिकाणी मापं घ्यायची, वर्षभराने पुन्हा घ्यायची. सरासरी सहा इंचांपेक्षा जास्त वाढली तर वाट सायकलींना कायमची बंद, पुन्हा अर्ज करायचा नाही.

अट रास्त होती. डोंगरावर वाट रुंद होते म्हणजे झाडं जातात, माती उघडी पडते, आणि पुढचं पाणी बघून घेतं.

उठताना डॉक्टरिणीने आणखी एक गोष्ट काढली. ती म्हणाली की ओंडक्यांपाशी चाक अडतं, नवशिके लोक ओंडका टाळून कडेने जातात. ओंडक्यांऐवजी वाटेलाच पसरट खळगा दिला, बशीसारखा, तर पाणीही बाजूला जाईल आणि चाकही जाईल. साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं.

“ओंडक्याला हात लागणार नाही,” मुकादम म्हणाला. तेवढंच म्हणाला आणि डुगडुगत्या खुर्चीवरून उठला. मास्तरांनी बाहेर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, काका, तुम्ही आमचे.

मापाच्या वीस जागा ठरवायचं काम त्याच्याकडेच आलं. साहेबांनी सांगितलं होतं की खूण अशा जागी हवी जी वर्षभर हलणार नाही आणि कुणाच्या नजरेत येणार नाही. मुकादमाला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मातीत खुंटी ठोकली तर पाण्याने हलते, दगडावर रंग दिला तर दिसतो. डोंगरावर न हलणारं एकच होतं. त्याने एकाआड एक असे वीस ओंडके धरले, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला चपट्या डोक्याचा खिळा ठोकला, आणि ओंडक्यालगत तुडवली गेलेली वाट किती रुंद ते टेप लावून मोजलं. सरासरी चार फूट. वाट काढली तेव्हाही चार फूटच होती; कडेने तुडवलेलं तो दरवर्षी काटेरी फांद्या टाकून बुजवायचा, या वर्षी मापासाठी ते तसंच सोडायचं ठरलं. साहेबांनी आकड्यांखाली सही केली. खिळे कुठे आहेत ते त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं.

वर्ष गेलं. सायकलवाल्यांनी अटी पाळल्या, हे मुकादमाला कबूल करावं लागलं. दहाच्या आधी एकही चाक वर गेलं नाही. श्रमदानाच्या रविवारी डॉक्टरीण सगळ्यात आधी यायची आणि घमेली उचलायची. फावडं कसं धरायचं ते तिला येत नव्हतं, आणि मुकादमाने ते शिकवलंही नाही. वर्षभरात तक्रारअर्ज फक्त चार आले, त्यातला एक घंटीचा आवाज कर्कश आहे म्हणून. तरी मुकादमाला ती माणसं आवडली नाहीत. त्यांच्या सायकली त्याच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या होत्या आणि ती चिखल अंगावर घेण्यासाठी लांबून यायची. चिखलासाठी लांबून यावं लागतं हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

वर्षअखेर मंगळवारी त्याने एकट्याने वीस ओंडक्यांवर पुन्हा टेप लावला. पहिल्यालाच पाच फूट दोन इंच. दुसऱ्याला साडेपाच. बाराव्याला तर पावणेसहा, ओंडक्याच्या टोकापलीकडे गवताचा बट्ट्याबोळ. सरासरी पाच फूट चार इंच आली. सहाऐवजी सोळा इंच वाढ. त्याला आनंद झाला असं नाही, पण आपलं बरोबर निघालं याचं समाधान झालं. त्याने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी आकडे वाचले, म्हणाले, वाईट झालं, लोक चांगले होते. मग त्यांनी टंकलेखकाला बोलावून वाट बंद करण्याचा आदेश करायला सांगितला. शुक्रवारी अकराला बैठकीत वाचायचा ठरला.

बुधवारी सकाळी मुकादम उठला तो अर्धं तोंड घेऊनच. खालची डावी दाढ दोन वर्षांपासून अधूनमधून कुरकुरत होती. त्याने तिला लवंग, मीठ आणि शिव्या यांवर ठेवलं होतं. आता गाल लिंबाएवढा झाला. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, त्या बाईकडे जाणार नाही. गावात दातांचं दुसरं माणूस नव्हतं.

“का?” बायकोने विचारलं.

शुक्रवारी तिच्या लोकांची वाट बंद होणार आणि बुधवारी मी तिच्यापुढे आ करून बसू का, असं तो म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला, पण सुजेमुळे निम्मे शब्द आतच राहिले. बायकोने निम्म्यांवरूनच ओळखलं. ती म्हणाली की तुमचं तोंड सुजलंय, वाट सुजलेली नाही, आणि त्याची चप्पल दारापुढे सरळ करून ठेवली.

दवाखाना एका औषधांच्या दुकानावर होता. बाकावर मास्तरांची सून बसली होती. तिने मुकादमाकडे पाहिलं, हसली, आणि हातातल्या फोनकडे वळली. मुकादमाच्या मनात आलं की संपलं, हे आता संध्याकाळपर्यंत मंडळात पोचतं.

डॉक्टरिणीने वाटेबद्दल अवाक्षर काढलं नाही. दाढ बघून ती म्हणाली, ही जाणार. पण बाकीच्या हिरड्या किती टिकल्यात ते मोजून घेते. तिने एक बारीक काडी घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा होत्या. दाताच्या आणि हिरडीच्या फटीत ती काडी घालायची आणि आकडा बोलायची, आणि मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. दोन, तीन, दोन. तीन, तीन, दोन. दाढेपाशी आल्यावर आठ, नऊ. मग पुढच्या दाताला पुन्हा दोन, तीन. मुकादम आ वासून पडला होता, छताकडे बघत आकडे ऐकत होता. एका दाताला सहा आकडे येत होते. चूळ भरायला तोंड मोकळं मिळालं तेव्हा त्याने विचारलं की एका दाताला सहा वेळा कशाला मोजता?

“सगळीकडून मोजावं लागतं,” ती हातमोजे बदलत म्हणाली. “जिथे दुखतं तिथेच काडी घातली असती, तर तुमची सगळी बत्तिशीच काढायला सांगितली असती मी.”

मग तिने सुई टोचली. गाल बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मुकादमाने बत्तीस वर्षांसारखी काढली. कारण सुई टोचतानाच त्याच्या डोळ्यांपुढे बारावा ओंडका आला होता, आणि त्याच्यामागे विसावा, आणि त्यांच्या टोकांवरचे खिळे. त्याने वीस जागा मोजल्या होत्या आणि वीसच्या वीस ओंडक्यालगतच्या होत्या. दोन ओंडक्यांच्या मधल्या वाटेवर त्याने टेप एकदाही टेकवला नव्हता. माणूस ओंडक्यापाशी आला की वळसा घालतो, गुडघे दुखणारा म्हातारा घालतो, बाळ उचललेली बाई घालते, चाकवाला तर घालतोच. हे त्याला तीस वर्षांपासून माहीत होतं. तो त्याला लोकांचा आळस म्हणायचा.

दाढ निघाली तेव्हा डॉक्टरिणीने विचारलं, दुखलं का? त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. बिल भरून त्याने पावती मागून घेतली. एरवी कधी घेत नसे.

गुरुवारी उजाडताच तो टेप घेऊन वर गेला. गाल अजून सुजलेला होता. एकेचाळीस ओंडक्यांमध्ये चाळीस अंतरं; प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर उभं राहून त्याने रुंदी घेतली. चार फूट. चार फूट एक. तीन फूट दहा, कारण तिथे गवत आत आलं होतं. अठ्ठावीस ते एकोणतीसच्या मधे चार फूट पाच, पण तिथे गेल्या पावसात दरड उतरली होती. खाली येईपर्यंत दुपार झाली. पंपघराच्या ओट्यावर बसून त्याने बेरीज केली, पुन्हा केली. चार फूट एक इंच.

संध्याकाळी त्याने ते बायकोला सांगितलं. ती इस्पितळातून आली होती आणि पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

“मग सांगा की साहेबांना.”

“सांगितलं तर ओंडके जातील. ते बशीसारखं करा म्हणतील.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“सायकलवाले जातील.”

“तुम्हाला आवडतात का ते?”

“नाही.”

“मग अडलंय कुठे?” बायको म्हणाली आणि पाय पुसायला लागली.  मग तिने सांगितलं की उद्या निळा शर्ट घाला, या शर्टाच्या पाठीला माती लागलीय आणि चार माणसांत उभं राहायचंय.

शुक्रवारी तो अकराच्या आधी अर्धा तास साहेबांकडे गेला. साहेबांना आधी समजेचना. आदेश टाइप झाला होता, शिक्का बसला होता, तीन प्रती निघाल्या होत्या. समजल्यावर ते चिडले. त्यांचं म्हणणं, हे वर्षापूर्वी का नाही सुचलं? मुकादम म्हणाला, तुम्हाला तरी कुठे सुचलं, सही तुमची आहे. साहेबांनी आदेशाच्या प्रतींची घडी घातली. मग म्हणाले की हे मी वाचणार नाही, तुम्हीच बैठकीत उभे राहून सांगा.

खोलीत मास्तर आणि मंडळाचे सहा जण एका बाजूला, डॉक्टरीण आणि चार सायकलवाले दुसऱ्या बाजूला. सायकलवाल्यांचे चेहरे पडलेले. आकडे त्यांच्या कानावर गेले असावेत. मुकादम उभा राहिला आणि जसं झालं तसं सांगितलं. खिळे कुठे ठोकले, का ठोकले, काल काय मोजलं. बोलताना सुजेमुळे त्याचा ‘स’ लागत नव्हता, पण कुणी हसलं नाही.

मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला.

“काका, दाढ कुणाकडे काढलीत?”

सगळे मुकादमाच्या गालाकडे बघू लागले. डॉक्टरीण टेबलाकडे बघत होती. रोग्याबद्दल ती चारचौघांत बोलणार नव्हती, हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

“यांच्याकडे,” मुकादम म्हणाला. “बुधवारी. आणि चूक मला तिथेच कळली.”

“म्हणजे शिकवून पाठवलं.”

“त्या दातांबद्दल बोलल्या. वाटेचं माझं मला कळलं. आणि मास्तर, माझ्या तोंडात त्यांचे दोन हात होते. मी शिकायला गेलो असतो तरी हो म्हणता आलं नसतं.”

मंडळातले एकदोघे हसले. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, मंगळवारी एक आकडा, गुरुवारी दुसरा, मधे एक दाढ. माझ्यासारख्याने काय समजायचं? तीस वर्षं तुमच्या शब्दावर या वाटेवर चाललो. हे ते रागाने म्हणाले असते तर मुकादमाला सोपं गेलं असतं.

त्याने खिशातून टेप काढला आणि मास्तरांपुढे ठेवला. जागा तुम्ही निवडा, म्हणाला. वीस निवडा, पन्नास निवडा. टोक तुम्ही धरा.

अशी ती सगळी वरात भर दुपारी डोंगरावर निघाली. साहेब बुटांत, बाकीचे असतील तसे. मास्तरांनी मुद्दाम वाईट जागा हुडकल्या: वळणाच्या बाहेरची कड, चढाचा पायथा, जिथे माणसं दम खायला थांबतात ती जागा. प्रत्येक ठिकाणी ते स्वतः वाकून टोक धरत, आणि आकडा वर्गात हजेरी घ्यावी तसा मोठ्याने वाचत. चार फूट. चार फूट दोन इंच. तीन फूट अकरा. साहेब लिहून घेत होते. चालताना वाटेत ओंडका आला की मास्तर कडेने वळसा घालून जात. चौथ्या वेळी ते तसे गेले तेव्हा मधेच थांबले, आपल्या पायांकडे पाहिलं, मागच्या ओंडक्याकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागले. तेराव्या जागेनंतर त्यांनी टेप गुंडाळून साहेबांच्या हातात दिला. पुढचं बघायची गरज नाही, म्हणाले. अर्ज लिहिणारा माणूस होता, पण खोटं लिहिणारा नव्हता.

साहेबांनी विचारलं की मग ओंडक्यांपाशी सोळा इंच वाढली ती कुणामुळे?

“चाकांमुळे वाढली,” मुकादम म्हणाला. “पायांमुळेही वाढली. दोघं वळसा घालतात तो ओंडक्यामुळे. ओंडके माझे आहेत.”

आदेशाच्या तिन्ही प्रती साहेबांनी तिथेच खिशात कोंबल्या. पुढच्या आठवड्यात नवा आदेश निघाला. वाट आणखी एक वर्ष दोघांची. शनिवार पूर्ण दिवस फक्त चालणाऱ्यांचा, हे मास्तरांनी पदरात पाडून घेतलं. सगळे ओंडके काढून बशीसारखे खळगे करायचे, मजुरी सायकलवाल्यांची, देखरेख मुकादमाची. बैठकीत तो वाचला तेव्हा एका सायकलवाल्या पोराने टाळी वाजवायला हात वर नेले. डॉक्टरिणीने कोपर मारून खाली आणले. शनिवार गेला म्हणून त्यांच्यातल्या काहींनी बाहेर जाऊन कुरकुर केली ती वेगळी.

पहिला रविवार. बावीस माणसं, आठ पहारी, फाटकावरचा जुना गडी खुर्ची घेऊन बघायला आलेला. मुकादमाने पहिल्या ओंडक्यापासून सुरुवात केली. वरून गुळगुळीत झालेला, पायांनी घासून घासून. खालून सोडवायला अर्धा तास गेला. उलटा केला तेव्हा पोटाशी निम्मा कुजलेला निघाला आणि उरलेला निम्मा दगडासारखा. फाटकावरच्या गड्याने विचारलं, ठेवतो का आठवण म्हणून? मुकादम म्हणाला, त्या ओघळीत टाक, तिथे माती धरायला लागेल.

खळगा खणणं सोपं वाटलं होतं. डॉक्टरिणीच्या लोकांनी तासाभरात एक केला, गोल, देखणा, आणि बाजूला होऊन घाम पुसत उभे राहिले. मुकादमाने पाण्याचा कॅन उचलला आणि वरच्या अंगाने ओतला. पाणी आलं, खळग्यात शिरलं, आणि तिथेच बसलं. डबकं झालं.

त्याने फावडं डॉक्टरिणीच्या हातात दिलं. ती पुन्हा खालून धरायला लागली तेव्हा त्याने तिचा डावा हात उचलून दांड्याच्या मध्यावर ठेवला, कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा म्हणाला, आणि बाहेरची कड दोन बोटं उतरवायला सांगितली. दुसऱ्या वेळी पाणी बाहेर गेलं, पण निम्मं वाट धरून खाली पळालं. मग खालच्या बाजूला लांबट उंचवटा करून तो पायांनी दाबायचं ठरलं. बावीस माणसं एका ओळीत उभी राहून माती तुडवू लागली. फाटकावरचा गडी म्हणाला, असं नाचायला आमच्या वेळी कुणी बोलावलं नाही.

तिसऱ्या कॅनचं पाणी खळग्यात उतरलं, जरा रेंगाळलं, आणि उंचवट्याला टेकून सगळं डावीकडच्या उतारावर निघून गेलं. मुकादम उकिडवा बसून शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत राहिला. एकाने सायकल आणून त्यावरून नेली. कडेने वळसा घालायचं कारण उरलं नव्हतं.

“झालं ना काका?” डॉक्टरिणीने विचारलं.

“हा झाला,” मुकादम म्हणाला. त्याने पहार उचलली, रिकामे कॅन भरून आणायला दोघांना खाली पिटाळलं, आणि दुसऱ्या ओंडक्याकडे चालू लागला. “चाळीस राहिलेत. पावसाच्या आत उरकायचे आहेत.”